गोरेपणाच्या क्रीमसोबत ‘सोन्याचांदीचे दागिने काढून लावावे’ अशी सूचना आहे. हे क्रीम वापरावे का?

प्रश्न: मानसी_कल्याण

नमस्कार. माझ्या पुतणीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. साखरपुड्यानंतर तिने घराजवळच्या एका ब्यूटी पार्लरमधून चेहरा उजळणारे क्रीम आणले आणि ती ते रोज रात्री लावू लागली. दोन-तीन आठवड्यांतच तिचा रंग इतका उजळला की घरी येणारा प्रत्येक जण त्याविषयी विचारू लागला. तिचे पाहून तिच्या आईने, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंनीही, गालावरच्या वांगासाठी तेच क्रीम लावायला घेतले.

मला शंका आली ती डबीमुळे. क्रीम परदेशी बनावटीचे आहे असे डबीवर छापले आहे. परंतु ते कोणत्या कंपनीने तयार केले, भारतात कोणी आणले, त्यात कोणते घटक आहेत, बॅच क्रमांक काय, यांपैकी एकही गोष्ट त्यावर नाही. आत घडी घालून ठेवलेल्या कागदावर मात्र एक चमत्कारिक सूचना आहे: क्रीम लावण्यापूर्वी सोन्याचांदीचे दागिने काढून ठेवावेत आणि क्रीमला ॲल्युमिनियमचा किंवा रबराचा स्पर्श होऊ देऊ नये. पार्लरवाल्या बाई हे पूर्णपणे हर्बल असल्याचे सांगतात. हर्बल वस्तूला सोन्याचे वावडे का असावे, हे मला कळत नाही.

गेल्या काही दिवसांपासून पुतणीच्या डोळ्यांभोवती सकाळी सूज दिसते. लग्नाच्या धावपळीत झोप होत नाही म्हणून तसे होत असेल, असे सगळ्यांचे मत आहे. मोठे दीर म्हणतात की साबणापासून शाम्पूपर्यंत सगळ्यातच रसायने असतात, तेव्हा एवढे घाबरण्याचे कारण नाही. त्यांच्या या म्हणण्याला काय उत्तर द्यावे हेही मला समजत नाही, कारण मोठ्या कंपन्यांच्या प्रसाधनांविषयीही उलटसुलट वाचायला मिळतेच. माझा दीड वर्षाचा मुलगा दिवसभर या पुतणीच्याच कडेवर असतो, त्यामुळे माझी काळजी वाढली आहे. हे क्रीम धोक्याचे आहे का, ते कुठे तपासून मिळते आणि आता नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: रसायनाचा_निवृत्त_अध्यापक, सातारा

मानसीताई, दागिन्यांविषयीची ती एक ओळ पुरेशी बोलकी आहे. पारा सोन्याशी आणि चांदीशी सहज मिसळतो. पारा लागलेली सोन्याची अंगठी पांढरट पडते. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर तर पारा पार उखडून टाकतो. क्रीमचा सोने, चांदी, ॲल्युमिनियम, रबर यांच्याशी संपर्क टाळावा अशी सूचना आढळल्यास त्यात पारा असण्याची शक्यता धरावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या या विषयावरील माहितीपत्रकातही नमूद केले आहे. गिऱ्हाइकाच्या मूत्रपिंडाची काळजी नसलेल्या उत्पादकालाही मंगळसूत्र पांढरे पडल्यावर होणाऱ्या भांडणाची काळजी असते, एवढाच त्या सूचनेचा अर्थ मी लावतो.

पाऱ्याने चेहरा उजळतो हे खोटे नाही, आणि म्हणूनच लोकांचा त्यावर विश्वास बसतो. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे टायरोसिनेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने तयार होते. या विकराच्या केंद्रस्थानी तांब्याचे अणू असतात, आणि पाऱ्याचे क्षार त्याचे काम बंद पाडतात. नवे मेलॅनिन तयार होणे थांबले की काही आठवड्यांत रंग उतरलेला दिसतो. या कामासाठी कॅलोमेल म्हणजेच मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी किंवा साबणात मर्क्युरिक आयोडाइड वापरले जाते. ही नावे डबीवर छापली असतील तर ती ओळखता येतात. परंतु आपल्या डबीवर घटकच छापलेले नाहीत, तेव्हा तो मार्ग बंद आहे.

आता ‘सगळ्यातच रसायने असतात’ या दिरांच्या मुद्द्याकडे वळतो. त्यांचे वाक्य बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र बरोबर नाही, कारण प्रश्न कोणते रसायन आणि किती, एवढाच असतो. आपल्याकडे २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार डोळ्यांभोवती लावायच्या प्रसाधनांत परिरक्षक म्हणून पाऱ्याला दहा लाखांत ७० भाग म्हणजे ७० पीपीएम एवढी मर्यादा आहे. इतर कोणत्याही प्रसाधनात तो मुद्दाम घालता येत नाही आणि नकळत आलाच तर १ पीपीएमच्या पुढे चालत नाही. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने २०१४ च्या जानेवारीत बाजारातील प्रसाधनांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. त्यांनी तपासलेल्या गोरेपणाच्या ३२ क्रीमपैकी १४ मध्ये पारा आढळला आणि त्याचे सर्वाधिक प्रमाण १.९७ पीपीएम होते. तेही असायला नकोच होते, आणि त्या वेळी त्यावर गदारोळ झाला तो योग्यच झाला. परंतु बिननावाच्या डब्यांत जगभर जे सापडते त्याचे प्रमाण हजारो पीपीएममध्ये असते.

हा फरक आकड्यांत मांडून पाहा. ३० ग्रॅमच्या डबीत १ पीपीएम पारा असेल तर संपूर्ण डबीत मिळून ०.०३ मिलिग्रॅम पारा असतो. तेच प्रमाण १०,००० पीपीएम, म्हणजे शेकडा १ असेल, तर त्याच डबीत ३०० मिलिग्रॅम पारा असतो, आणि तो रोज रात्री थोडा थोडा चोळून त्वचेत जिरवला जातो. साबणातल्या किंवा शाम्पूतल्या रसायनांच्या ओळीत या डबीला बसवणे म्हणजे चिमूटभर मिठाला आणि समुद्राला एकाच मापाने मोजणे होय.

पॅराबेनविषयीही लोक हल्ली फार विचारतात, म्हणून ओघात सांगतो. ते क्रीममध्ये जंतू आणि बुरशी वाढू नये म्हणून घातले जाते. युरोपीय संघाने २०१४ मध्ये त्यातील आयसोप्रोपिल, आयसोब्युटिल यांसारखे पाच प्रकार बंद केले, प्रोपिल आणि ब्युटिल यांची मर्यादा कमी केली आणि मिथाइल व इथाइल हे ०.४ टक्क्यांपर्यंत चालू ठेवले. यात वादाला जागा आहे, पण तो वाद प्रमाणावर चालतो, मोजमाप करून चालतो आणि त्यात उत्पादकाला प्रश्न विचारता येतो. आपल्या डबीचा उत्पादकच अज्ञात आहे. त्यामुळे ‘पॅराबेनमुक्त’ शाम्पू शोधण्यात वेळ घालवणाऱ्या घरात अशी डबी शांतपणे नांदत असेल, तर काळजी चुकीच्या फडताळात ठेवली गेली आहे, असे मला वाटते.

उत्तर: त्वचारोग_विभाग_निवासी, मुंबई

मी शासकीय रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात निवासी डॉक्टर आहे. मानसीताई, आपण लिहिलेल्या सगळ्या मजकुरात माझे लक्ष सर्वप्रथम डोळ्यांभोवतीच्या सकाळच्या सुजेकडे गेले. ती जागरणाने येऊ शकते हे खरे. परंतु अशा क्रीमचा वापर चालू असताना ती दिसली, तर तिचे कारण झोपेत शोधण्यापूर्वी लघवीत शोधावे लागते. कृपया पुतणीची आणि जाऊबाईंची लघवीची साधी तपासणी उद्याच करून घ्यावी. ती कोणत्याही प्रयोगशाळेत होते आणि फारशी महाग नाही. लघवीला नेहमीपेक्षा जास्त आणि बराच वेळ टिकणारा फेस येतो का, संध्याकाळी पायांवर बोटाने दाबल्यास खळगा पडतो का, हेही त्यांना विचारावे. रक्तदाबही मोजून घ्यावा.

याचे कारण असे की त्वचेतून शोषला गेलेला असेंद्रिय पारा मुख्यतः मूत्रपिंडांत साठतो. तिथल्या गाळण्यांना इजा झाली की रक्तातील प्रथिने लघवीतून वाहून जाऊ लागतात आणि अंगावर सूज येते. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडाच्या गाळण्यांच्या विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यांपैकी १५ जणांत नेल-१ नावाच्या प्रथिनाशी निगडित, एरवी क्वचित आढळणारा प्रकार होता, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. महाराष्ट्रही यातून सुटलेला नाही. अकोल्यातील एकाच कुटुंबातील आई आणि दोन मुली अशा क्रीममुळे मूत्रपिंडाच्या आजाराने ग्रस्त झाल्या आणि त्याचे निदान मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाले, ही २०२३ मधील बातमी अनेकांना आठवत असेल. एका घरातील तिघींना एकाच वेळी मूत्रपिंडाचा एकच विकार होतो तेव्हा त्या घरात सामाईक काय आहे हे शोधावे लागते. तेथे ती एक डबी होती.

दिलासा देणारी बाब अशी की क्रीम बंद केल्यावर बहुतेक रुग्णांच्या लघवीतील प्रथिने हळूहळू कमी होतात. काहींना औषधे लागतात आणि त्याला काही महिने लागू शकतात. म्हणून निदान जितके लवकर होईल तितके बरे.

पाऱ्याची तपासणी करायची झाल्यास एक बारकावा लक्षात ठेवावा. आपल्याकडे मासे खाणारी घरे पुष्कळ आहेत आणि माशांतून येणारा मिथाइल पारा रक्तात दिसतो. त्यामुळे केवळ रक्ताच्या अहवालावरून गोंधळ होऊ शकतो. क्रीममधील असेंद्रिय पाऱ्याचा अंदाज लघवीतील पाऱ्यावरून अधिक चांगला येतो. ही तपासणी सर्वत्र होत नाही, नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो, आणि ती करावी की नाही हे मूत्रपिंडतज्ज्ञांना ठरवू द्यावे.

दुसरी शंका स्टिरॉइडची आहे. झपाट्याने उजळणाऱ्या क्रीममध्ये पारा नसेल तर बहुधा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांसारखे स्टिरॉइड असते, कधी त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन हे रंग फिका करणारे रसायनही असते, आणि काही डब्यांत पारा व स्टिरॉइड दोन्ही सापडतात. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने १२ केंद्रांत केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत असल्याचे आढळले होते. स्टिरॉइडने सुरुवातीला त्वचा नितळ आणि उजळ दिसते. पुढे ती पातळ होते, लाल बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे येतात, गालांवर लव वाढते आणि उन्हात गेल्याबरोबर आग होते. क्रीम बंद केले की लाली आणि आग उसळते, पुन्हा लावले की शमते. मग रुग्णाला वाटते की क्रीमशिवाय आपला चेहरा खराब होतो, आणि ती त्यातच अडकते.

म्हणून माझा सल्ला असा आहे. क्रीम आजच बंद करावे, कारण पाऱ्याच्या बाबतीत ‘हळूहळू कमी करू’ याला काही अर्थ नाही. बंद केल्यावर आठ-दहा दिवसांत चेहरा लाल होऊन आग होऊ लागली तर घाबरून पुन्हा त्याच डबीला हात लावू नये; त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, म्हणजे तो काळ सुसह्य करता येतो. लग्नापूर्वी हे व्हावे हे पुतणीला जड जाईल याची मला कल्पना आहे. परंतु तिला हे स्पष्ट शब्दांत सांगणारे कोणीतरी घरात असायला हवे, आणि ते आपण असाल असे दिसते. जाऊबाईंच्या वांगावर वेगळे उपचार आहेत. त्यांची सुरुवात उन्हापासून बचावाने होते आणि त्यांना वेळ लागतो.

उत्तर: औषध_विक्रेता_नांदेड

वरील दोन्ही उत्तरे वाचली. दुकानाच्या बाजूने थोडी भर घालतो.

आपल्याकडे औषधे विकायला परवाना लागतो; सौंदर्यप्रसाधने केवळ विकण्यासाठी मात्र वेगळा परवाना लागत नाही. उत्पादकाला परवाना हवा आणि माल बाहेरून आणणाऱ्याकडे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचे नोंदणी प्रमाणपत्र हवे, असा नियम आहे. याचा परिणाम असा होतो की किराणा दुकान, पार्लर, मोबाइलचे दुकान, आठवडी बाजार, समाजमाध्यमांवरील विक्री, अशा कोणत्याही वाटेने डबी घरात पोहोचते आणि औषध दुकानात जशी नोंद राहते तशी ती कुठेच राहत नाही. म्हणून डबी हातात घेतल्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची अंतिम मुदत आणि घटकांची यादी पाहावी. परदेशी माल असेल तर आयात नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचे नाव पाहावे. यांपैकी काहीच नसेल तर पुढे वाचण्यासारखे त्यावर काही नाही. ‘हर्बल’ हा शब्द छापायला मात्र शाईखेरीज काही लागत नाही.

स्टिरॉइडच्या मलमांविषयी आमच्या व्यवसायाची बाजूही सांगितली पाहिजे. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारच्या स्टिरॉइड मलमांची सवलत काढून ती अनुसूची एच मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. प्रत्यक्षात ‘ती अमुक रंगाची ट्यूब द्या’ असे म्हणत येणारे गिऱ्हाईक आजही रोज येते, आणि मी नाही म्हटले तर ते पुढच्या दुकानात जाते, जिथे त्याला ती मिळते. नियम कागदावर चांगला आहे. काउंटरवर तो माणसागणिक बदलतो.

आता क्रीम तपासण्याविषयी. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार कोणतीही व्यक्ती स्वतः विकत घेतलेले प्रसाधन विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासणीसाठी देऊ शकते आणि तिला स्वाक्षरीचा अहवाल मिळतो. ही तरतूद फार थोड्या लोकांना माहीत आहे. खरेदीचा पुरावा असलेला बरा. पार्लरने पावती दिली नसेल तर मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद जपून ठेवावी. याशिवाय अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात लेखी तक्रार द्यावी, म्हणजे औषध निरीक्षक स्वतः जाऊन नमुने घेऊ शकतात. न्यायालयात टिकतो तो निरीक्षकाने रीतसर घेतलेला नमुना, हे ध्यानात ठेवावे. घरात उघडलेली डबी पुतणीच्या उपचारासाठी उपयोगी आहे. विक्रेत्यावर खटला उभा करायला ती एकटी पुरत नाही.

घरच्या घरी करता येईल अशी खात्रीची तपासणी नाही. अंगठीवर क्रीम चोळून पाहा असे सांगणारे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नये. क्ष-किरणांवर चालणारे जे यंत्र सराफ सोन्याचा कस पाहायला वापरतात, त्याच तत्त्वावर क्रीममधील पाराही जागच्या जागी ओळखता येतो. परंतु सराफाचे यंत्र त्या कामासाठी जुळवलेले नसते, म्हणून त्याला गळ घालण्यात अर्थ नाही.

उत्तर: पार्लरचालक_सांगली

मी बरीच वर्षे पार्लर चालवते, त्यामुळे येथे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. पार्लरवाल्या बाईने जाणूनबुजून विष दिले, असा समज कृपया लगेच करून घेऊ नये. या डब्या घेऊन येणारे लोक ओळखीतून येतात, पावती देत नाहीत, रोख पैसे घेतात, आणि डबीमागे जेवढा फायदा देतात तेवढा नामांकित कंपनीच्या क्रीमवर कधीच मिळत नाही. त्यात काय आहे हे बहुतेक पार्लरवाल्यांना माहीत नसते, आणि विचारले तर ‘हर्बल’ हेच उत्तर त्यांनाही मिळालेले असते. मी असा माल ठेवत नाही. त्याचे कारण साधे आहे: ज्याच्या पत्त्यावर तक्रारीचे पत्र पाठवता येत नाही, त्याची वस्तू मी माझ्या नावावर कशी विकू?

मात्र मागणी कुठून येते हेही पाहिले पाहिजे. लग्न ठरलेली मुलगी आईबरोबर येते आणि मुलीच्या आधी आईच विचारते की हिचा रंग किती दिवसांत उजळेल. फेशियलने रंग बदलत नाही, त्वचा स्वच्छ आणि तुकतुकीत दिसते, एवढेच मी सांगते. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर निराशा उमटते आणि काही जणी पुन्हा येत नाहीत. वधू गोरीच हवी, ही अट जाहिरातींतून थोडी कमी झाली असेल, पण बैठकीतून गेलेली नाही. मानसीताईंच्या घरीसुद्धा रंग उजळल्यावर येणारे सगळे कौतुकच करत होते, हे त्यांनीच लिहिले आहे.

डॉक्टरांनी लिहिलेल्या एका गोष्टीला मी अनुभवाने दुजोरा देते. काही ग्राहकांच्या चेहऱ्याला साधा वाफारा दिला तरी तो लालबुंद होतो, थ्रेडिंग करताना त्वचा सोलवटते, आणि विचारल्यावर कळते की वर्षभर कोणते तरी उजळवणारे मलम चालू आहे. अशा वेळी मी काम थांबवते आणि त्यांना डॉक्टरांकडे पाठवते. नव्या मुली कामाला ठेवताना हे ओळखायला शिकवावे, असे पार्लरचालकांना सुचवीन. प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात भुवयांच्या आकारांवर जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मा वेळ जरी यावर गेला तरी पुष्कळ फरक पडेल.

मानसी_कल्याण

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभार. पुतणीला आणि जाऊबाईंना समजावण्यात दोन दिवस गेले. डॉक्टरताईंचे उत्तर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. दोघींनीही क्रीम बंद केले आहे. जाऊबाईंच्या लघवीच्या तपासणीत काही दोष आढळला नाही. पुतणीच्या अहवालात प्रथिनांसमोर दोन अधिकची चिन्हे आहेत आणि रक्तदाब नेहमीपेक्षा थोडा जास्त आहे. कुटुंबाच्या डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करायला सांगून मूत्रपिंडतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली असून परवाची वेळ मिळाली आहे. मोठे दीर आता काही बोलत नाहीत, पण तज्ज्ञांकडे न्यायला तेच येणार आहेत.

पार्लरवाल्या बाईंना भेटले तेव्हा त्या आधी रागावल्या आणि नंतर घाबरल्या. उरलेल्या डब्या परत करते असे म्हणाल्या, परंतु परत कोणाला करणार हे त्यांनाही सांगता आले नाही. आम्ही ठाणे कार्यालयात तक्रार देणार आहोत.

माझे दोन प्रश्न राहिले आहेत. माझ्या मुलाला काही तपासणीची गरज आहे का, आणि घरात असलेल्या डब्यांचे काय करावे? जाऊबाई त्या कचऱ्यात टाकायला निघाल्या होत्या, मी थांबवले.

उत्तर: त्वचारोग_विभाग_निवासी, मुंबई

थांबवलेत ते योग्य केले. दोन अधिक चिन्हे दिसली म्हणजे तज्ज्ञांकडे जाणे आवश्यकच आहे. तेथे चोवीस तासांच्या लघवीतील प्रथिने, रक्तातील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन पाहतील आणि गरज वाटल्यास मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासतील. जाताना एक डबी, आतला कागद आणि वापर कधी सुरू केला याची नोंद सोबत न्यावी. क्रीमविषयी डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगावे. ‘कोणती औषधे चालू आहेत’ या प्रश्नाच्या उत्तरात रुग्ण क्रीमचा उल्लेख करत नाहीत आणि निदान लांबते, असा अनुभव आहे. जाऊबाईंचा पहिला अहवाल स्वच्छ असला तरी काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी.

मुलाविषयी: पारा केवळ लावणाऱ्यापुरता राहत नाही. क्रीम लागलेला गाल मुलाच्या गालाला लागतो, उशीचा अभ्रा आणि टॉवेल सामाईक असतात, आणि पाऱ्याची थोडी वाफ घरातील हवेतही मिसळते. लहान मुले बोटे तोंडात घालतात, म्हणून त्यांना धोका अधिक असतो. आपल्या बालरोगतज्ज्ञांना ही सगळी पार्श्वभूमी सांगून लघवीची तपासणी करून घ्यावी. मूल चिडचिडे झाले आहे का, हातापायांचे तळवे लालसर होऊन सोलवटतात का, घाम फार येतो का, हे त्यांना आवर्जून सांगावे, कारण पाऱ्याच्या बाधेत लहान मुलांत अशी लक्षणे दिसतात. घरात कोणी गरोदर असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असेल तर त्यांनी डबीला हातही लावू नये.

उत्तर: रसायनाचा_निवृत्त_अध्यापक, सातारा

डब्यांविषयी मी सांगतो. क्रीम बेसिनमध्ये धुऊन टाकू नये आणि शौचालयातही ओतू नये. ते सांडपाण्यातून नदी-खाडीत जाते आणि तेथील गाळात जिवाणू पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, जो पुढे माशांत साठतो. कचऱ्याबरोबर जाळूही नये, कारण त्याने पाऱ्याची वाफ होते. एक सीलबंद डबी, असल्यास, तक्रारीसाठी राखावी. वापरलेल्या डब्या घट्ट झाकण लावून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालाव्यात, पिशवीवर ‘पारायुक्त क्रीम असण्याची शक्यता’ असे लिहावे आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी, स्वयंपाकघरापासून दूर ठेवावी. घनकचऱ्याच्या नियमांनुसार असा घरगुती घातक कचरा वेगळा ठेवायचा असतो. आपल्या महापालिकेत तो कोठे स्वीकारतात हे प्रभाग कार्यालयात विचारावे, आणि निरीक्षकांनी डब्या मागितल्या तर त्यांच्याकडे द्याव्यात.

क्रीम लागलेले टॉवेल, अभ्रे आणि रुमाल शक्यतो टाकून द्यावेत आणि तेही त्याच पिशवीत घालावेत. जे ठेवायचेच असतील ते इतर कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. क्रीम ठेवलेला कप्पा ओल्या फडक्याने पुसावा, फडके टाकून द्यावे आणि खोलीच्या खिडक्या काही दिवस उघड्या ठेवाव्यात. पुतणीची अंगठी पांढरी पडली असेल तर ती उजळण्यासाठी सराफाकडे देताना कारण सांगूनच द्यावी, कारण ती तापवली की निघणारी वाफ त्याच्या श्वासात जाईल.